सहाशे तीस वेढे

आई,

परवा निजामपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानात तू वाइंडिंग केलेला पंखा फिरताना पाहिला. बुडातून वायर बाहेर येते तिथे तू निळ्या दोऱ्याची गाठ मारायचीस. ती अजून आहे, काळी पडली आहे, पण सुटलेली नाही. हिरवा टेबल फॅन, जाळीची एक तार वाकलेली. मी त्या गाठीकडे बघते आहे हे पाहून शिंपी म्हणाला, "बहेनजी, जरा सुस्त है, लेकिन नौ साल में एक बार खोला नहीं." मी ब्लाऊजचं कापड दिलं, बाहेर आले, आणि बस स्टँडपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की बाही किती ठेवायची ते सांगायचंच राहिलं. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

तू गेलीस त्याला सात वर्षं होतील. मला पत्रं लिहायची सवय नाही, अहवाल लिहायची आहे. त्यामुळे हे अहवालासारखं वाटलं तर वाटू दे. काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं आणि चूक कुठे झाली, एवढंच मला नीट लिहिता येतं. त्यातला काही भाग तुला माहीत आहे. तरीही तो लिहिते, कारण मधला भाग गाळला की शेवटचा आकडा कशाचा ते कळत नाही.

सुरुवात शेठच्या दुकानापासून करायला हवी. अंजूरची भातशेती भावावर सोपवून गावात आलेला माणूस, बाबांच्या ओळखीचा, तुला वहिनी म्हणणारा. दुकानाला नाव नव्हतं, ऋतू होते. होळीपासून मृगापर्यंत तिथे पंखेच पंखे. काही विकायचे, काही लूमवाल्यांना, यंत्रमागाच्या कारीगरांना, महिन्यावर भाड्याने द्यायचे, आणि सगळ्यात जास्त जळून आलेले, दुरुस्तीचे. मृग लागला की पंखे पोत्यात बांधून माळ्यावर जायचे आणि छत्र्या, टॉर्च, गमबूट खाली उतरायचे. दिवाळी झाली की बादलीत सोडायचे पाणी तापवण्याचे रॉड दारात लटकायचे. दुकानाबरोबर तुझं कामही पालटायचं. पावसाळ्यात तू छत्र्यांचं कापड काड्यांना शिवायचीस, हिवाळ्यात रॉडच्या वायरी बदलून द्यायचीस. पण तुझं खरं काम पंख्यांचं. जळलेल्या पंख्याची तार कापून फेकायची आणि नवी तांब्याची तार फर्म्यावर गुंडाळून कॉइल करायची. एका पंख्यात आठ कॉइली, प्रत्येकीत सहाशे वेढे. शेठ रीळ वजन करून द्यायचे, तू कॉइली आणि उरलेलं रीळ परत द्यायचीस, मग दुकानातच त्या वार्निशमध्ये बुडवून, वाळवून पंख्यात बसवायचीस.

स्वयंपाक उरकला की चुलीपासून दोन हातांवर तू पाट मांडायचीस. पाटाला खिळ्यांनी ठोकलेलं लाकडी चाक, त्याला फर्मा, एका बाजूला चिंचोक्यांची भरलेली वाटी, दुसऱ्या बाजूला रिकामी. उजव्या हाताने चाक, डाव्या हाताच्या चिमटीत तार. बाबा रात्रपाळी करून आलेले असले की पलीकडे भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे, आणि आमच्या गल्लीतल्या साठ-सत्तर लूमांचा आवाज एवढा असायचा की तुझं मोजणं फक्त ओठांवर दिसायचं. वीस वेढे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. तीस चिंचोके गेले की कॉइल झाली.

मी आठवीत असताना शाळेतून आले आणि विचारलं, "भाकरी कुठे आहे?" तुझा हात थांबला नाही, पण ओठ थांबले. तू मान वर केलीस, चाकातून कॉइल सोडवलीस, सगळी उलगडलीस, तार पुन्हा रिळावर सरळ भरलीस आणि पहिल्यापासून सुरुवात केलीस. त्याला पाऊण तास लागला असेल. मी तेवढा वेळ दारात उभी होते. कॉइल पुरी झाल्यावर म्हणालीस, "कोनी मोजत असंल तं मधी बोलू न्हाय. दोन घटका भूक काडली तं कोन मरत न्हाय." मग ताट वाढलंस. त्यानंतर कोणी मोजत असताना मी मधे बोललेली नाही, आजही बोलत नाही.

आता मोजण्याबद्दल. पडघ्याच्या पलीकडे, तुझ्या माहेरी, खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, तीन, चार. शब्द वेगळा, पण ते पहिलंच माप, गणतीत धरलेलं. मामाला असं मोजताना मी पाहिलं आहे. तू वेढे मोजताना लाभ म्हणायचीस, पण त्याच्यानंतर दोन म्हणायची नाहीस, एक म्हणायचीस. लाभ, एक, दोन, तीन, असं विसापर्यंत. मग चिंचोका. मग पुन्हा लाभ. शाळेत असल्यापासून रोज ते माझ्या कानावर होतं आणि म्हणूनच कधी ऐकू आलं नव्हतं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी डिप्लोमाचं दुसरं वर्ष संपवून सुट्टीत घरी होते. आमच्या वर्षाला आम्ही दोघीच मुली, आणि इलेक्ट्रिकलला मी एकटी. माझा स्लाइड रूल, हिशेबाची सरकती पट्टी, तुझ्या पंख्यांच्या पैशांतून आला होता, तो मी पिशवीत घेऊन फिरायचे, गरज नसताना. एप्रिलमध्ये एका सकाळी मी दुकानावरून जात असताना शेठनी हाक मारली.

"पोरी, जरा इकडं ये. कॉलेजात वजनाचं शिकवतात ना तुमाला?"

मी हो म्हटलं.

"मंग ह्यो हिशेब बघ. चाळीस पंखे बांधले वहिनीनं. पंख्याला पाव किलो तार, म्हंजे दहा किलो. रिळं गेली किती, आली किती, सगळं लिवलंय. अर्धा किलो तांबा जास्त गेला हाय."

"कुठे गेला?"

"त्येच तुला विचारतोय. मी काय बोलत न्हाय. वहिनीवर माजा इस्वास हाय." मग पानाला चुना लावत, माझ्याकडे न बघता: "पन भंगारवाला तुमच्या गल्लीत रोज येतोय, येवढं मना ठावं हाय."

तू तांबं विकतेस असं त्यांना म्हणायचं होतं. मला राग यायला हवा होता. मला आठवतं ते असं की मी कागद नीट वाचला, दोनदा. बेरीज बरोबर होती.

घरी आले. तू चाकावर होतीस. मी तुला विचारलं नाही. तुझ्याकडे पाठ करून पुस्तक उघडलं आणि ऐकत बसले. चाकाचा दांडा एका फेरीला एकदा पाटाला घासायचा, टक्. लूमांच्या आवाजातही जवळून ते ऐकू यायचं. एका चिंचोक्याला एकवीस टक्. चार चिंचोके मोजले, चारही वेळा एकवीस. विसाला एकवीस म्हणजे पाच टक्के, दहा किलोचे पाच टक्के अर्धा किलो. हिशेब जुळला. तू चोरी केलेली नव्हतीस, तू लाभ गणतीत धरायला विसरत होतीस. पाठ वळवली असती आणि विचारलं असतं, आई, हा एक वेढा जास्त का, तर तू सांगितलं असतंस. ते चाक थांबेपर्यंत, म्हणजे आणखी वीस मिनिटं, मला थांबावं लागलं असतं. मी उठून बाहेर गेले. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्यात थोडा आनंदही होता. गणित सुटल्याचा आनंद.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी तुला दुकानात घेऊन गेले. शेठना काय वाटतं ते वाटेत सांगितलं. तू पदर डोक्यावर घेतलास आणि चालत राहिलीस. तुझा चेहरा मी पाहिला नाही, मी एक पाऊल पुढे होते.

तयार कॉइलींच्या करंडीतून मी एक उचलली, फर्म्यावर चढवली आणि उलटी उलगडायला लागले. मोठ्याने मोजत. शेठ गल्ल्यावर, तू काउंटरच्या या बाजूला उभी, आणि बाकावर आझमगढकडचा एक लूमवाला आपला पंखा मांडीवर घेऊन बसलेला. सहाशे उलगडायला वेळ लागतो. मी घाई केली नाही. मला माहीत होतं शेवटी काय येणार आहे, आणि तुला माहीत होतं, आणि शेठना माहीत नव्हतं, त्यामुळे ते तुझ्याकडे बघत होते. पाचशेच्या पुढे तू पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागलीस, तार गुंडाळतेस तसं. मी सहाशे म्हटलं आणि थांबले. फर्म्यावर तार उरलेली होती. ती मी पुढे मोजली. तीस.

"तार कुठे गेली नाही," मी म्हटलं. "तुमच्या पंख्यांतच आहे. दर विसाला एक वेढा जास्त. आई लाभ म्हणते आणि मग एकापासून मोजते."

शेठ हसले. मोकळे हसले, चोरी नाही म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटलं असणार. "लाभ? वहिनी, अवो हितं काय खळ्यावर भात मापताय?"

बाकावरचा लूमवाला म्हणाला, "सेठ, अम्मा ने तार के साथ दुआ भी लपेट दी. तभी तो पंखा शरमा-शरमा के चलता है."

शेठना आणखी हसू आलं. मीही हसले. फार नाही, पण हसले. तू उलगडलेली तार काउंटरवरून गोळा केलीस, तिला पीळ पडू नये म्हणून हातावर आठच्या आकड्यात घेतलीस आणि म्हणालीस, "बरं. सहाशे तं सहाशे."

त्या दिवसापासून तू एकापासून मोजायला लागलीस. पहिले काही दिवस ओठांचं अडखळणं दिसायचं. अकरा पंखे तू सहाशेच्या हिशेबाने बांधलेस. ते चांगले जोरात फिरायचे. शेठ एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "बघा, आता कसा वारा येतोय, वहिनीची पोर विंजेर हाय." मी इंजिनियर नव्हते, पण मी तो शब्द दुरुस्त केला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उकाडा वाढला. शुक्रवारी लूमांना आठवड्याची सुट्टी, गल्लीत कानाला विचित्र वाटेल अशी शांतता, सगळे कारीगर दिवसभर खोल्यांत, आणि पंखे दिवसभर चालू. शनिवारी सकाळी दुकानात चार पंखे आले. सगळ्यांना तो जळलेल्या वार्निशचा वास, जो एकदा नाकात बसला की जात नाही. चारही तू नवे बांधलेले. पुढच्या शनिवारी तीन. अकरातले सात.

शेठ घरी आले. ते कधी घरी यायचे नाहीत. दारातच उभे राहिले, चहाला नको म्हणाले.

"वहिनी, मानसाला राग येतो. मी चोर बोललो न्हाय, पन तुमाला तसं लागलं असंल. पन राग तारंवर काडायचा व्हय?"

तू म्हणालीस, "मी राग न्हाय काडला."

"मंग सात पंखे कशे जलले? चार वर्सं तुमचा येक पंखा जलला न्हाय. आता पोरीनं चूक दाखवली आनि लगेच सात?"

मी तिथेच होते. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, तूही. शिकलेली मी होते. मी म्हटलं, "वार्निश नीट वाळलं नसेल. ओली कॉइल बसवली की आतून जळते." हे खरं आहे, तसं होऊ शकतं. पुस्तकात आहे. मी त्या सातातला एकही पंखा उघडून पाहिला नव्हता.

शेठनी मान हलवली. "वाईच घाई केलीत वहिनी," ते म्हणाले, आता रागाने नाही, दयेने, आणि ते जास्त वाईट होतं. "पंख्याचं काम मी कल्याणच्या मिस्त्रीला देतो. तुमी छत्र्या करा. छत्र्या तुमच्यासारख्या कोन करत न्हाय." जाताना त्यांनी चाक मागितलं. चाक दुकानाचं होतं. तू पाटावरचे खिळे स्वतः पक्कडीने उपटलेस आणि चाक पुसून दिलंस.

ते गेल्यावर तू मला सांगितलंस. न विचारता. मी ते शब्द जसेच्या तसे लिहू शकते.

"पयल्या वर्सी मी सहाशेच घालत व्हते. शनवारी पंखे जलून यायचे, दर शनवारी. मना वाटलं माजा हात वाईट हाय. मंग मी बगत बसले. सुक्रवारी लूम बंद असले की आपला दिवा बग, कसा पांढरा पेटतो. बाकी दिसांना लाल, सुक्रवारी पांढरा. म्हंजे लाईट जास्त येते. लूम खात न्हाय तं ती जाईल कुठं, आपल्या घरात येते. म्हून मी येकेक वेढा वाडवला. जास्त तार, तं ती जास्तीचं सोसंल. पन कुठं वाडवायचा ते इसरायला व्हायचं. म्हून लाभ म्हनायचं ठरवलं. लाभ म्हनला की हात आपोआप येक फेरी घेतो."

मी विचारलं, "मग दुकानात का नाही बोललीस?"

"तू मोजत व्हतीस."

मी त्यावर काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं की आई, पुरवठा दोनशे तीस व्होल्टचा असतो, थोडा कमी-जास्त होतो, पण पंखे जळण्याइतका नाही. दिवा पांढरा दिसतो तो बल्ब नवा असेल. पंख्याच्या पाटीवर दोनशे तीस लिहिलेलं असतं आणि त्याच हिशेबाने कारखान्याने वेढे ठरवलेले असतात, ते लोक वेडे नाहीत. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, "तुला ठावं." त्यात टोमणा नव्हता. मी शोधला होता, नव्हता.

त्या पावसाळ्यात तू छत्र्या शिवल्यास, पुढच्याही. पुढच्या उन्हाळ्यात होळी ते मृग तुझे हात रिकामे होते, पहिल्यांदाच. तू डाळी निवडायचीस, निवडलेल्या पुन्हा निवडायचीस. कोणी शेजारीण जळलेला पंखा घेऊन विचारायला आली तर म्हणायचीस, "मना न्हाय येत, बाई, कल्याणला द्या." तुला येत नाही असं तुझ्या तोंडून मी त्याआधी कशाबद्दलच ऐकलं नव्हतं. त्या वर्षी गणपतीनंतर तुला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तू गेलीस. त्याचा पंख्यांशी काही संबंध नाही. मी तो जोडत नाही.

तुला नीट समजलं होतं. दिवसभर गल्लीतले लूम एकाच ट्रान्सफॉर्मरवर ओढ लावतात, तेव्हा घरात व्होल्टेज पडतं. शुक्रवारी ती ओढ एकदम नाहीशी होते आणि तेच व्होल्टेज घरांत चढतं. जास्त व्होल्टेजवर पंख्याची तार जास्त प्रवाह घेते आणि तापते. वेढे पाच टक्के वाढवले तर प्रवाह कमी होतो, पंखा जरा सुस्त चालतो, पण शुक्रवारी जळत नाही. मी आता ठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे पंखे, इस्त्र्या, पाण्याचे रॉड येतात, आणि ते बाजारात जायच्या आधी आम्ही त्यांना पाटीवरच्यापेक्षा जास्त व्होल्टेजवर तासन्‌तास चालवून तापमान घेतो. माझ्या सहीशिवाय माल सुटत नाही. गेल्या वर्षी एका पंख्याबद्दल मी लिहिलं की ज्या गावांत भार एकदम चढतो-उतरतो तिथे याचे वेढे वाढवावेत. साहेबांनी विचारलं, हे कुठून काढलंत? मी म्हटलं, अनुभवातून. कोणाच्या ते सांगितलं नाही.

शेठ अजून दुकानात बसतात. आता प्लॅस्टिकचे पंखेही ठेवतात. दिवाळीत मी बाबांसाठी रॉड घ्यायला गेले होते, तेव्हा चहा मागवला आणि तुझा विषय काढला. "वहिनी देवमानूस. फकस्त मोजता येत नव्हतं बिचारीला. आनि येकदा राग आला तेवडाच." मी चहा प्यायले. त्यांना सांगायला मला दोन मिनिटं लागली असती, आणि त्यांना ते पटलंही असतं, कारण आता ते माझं ऐकतात. चार वर्षं एकही पंखा न जळण्याचं कारण त्यांना हवंच असणार. हे पत्र तुला पाठवायला पत्ता नाही, पण त्यांच्या दुकानाचा पत्ता आहे. तिथे पाठवलं तर त्या गावात तुझ्या नावाला लागलेलं जे आहे ते निघून जाईल. मी ते पाठवणार नाही, आणि का, ते खाली लिहिते.

हे सगळं मला कारखान्यात कळलं असं वाचणाऱ्याला वाटेल. बाबांनाही तसंच वाटतं, कारण एकदा त्यांना मी तसं सांगितलं आहे. मला ते त्याच वर्षी कळलं. चाक गेल्यानंतर महिन्याभराने कॉलेज उघडलं. प्रयोगशाळेतून मी गुरुवारी संध्याकाळी एक व्होल्टमीटर सही करून घरी आणला, लाकडी पेटीतला, चामड्याचा पट्टा असलेला. त्या गुरुवारी मी रीडिंग घेतलं, लूम चालू असताना, एकशे शहाण्णव. शुक्रवारी दुपारी, बाहेर पाऊस, गल्लीत एकही लूम चालू नाही, मी पुन्हा वायरी सॉकेटला लावल्या. तू छत्रीचं काळं कापड मांडीवर घेऊन बसली होतीस, सुई हवेत धरून. काटा स्थिर होईपर्यंत तू बोलली नाहीस. मग विचारलंस, "काय आलं?"

मी म्हटलं, "दोनशे तीस."

तू मान हलवलीस. "मंग माजंच चुकलं असंल," म्हणालीस, आणि सुई कापडात घातलीस.

त्यानंतर तू सव्वा वर्ष होतीस. तेवढ्या सगळ्या शुक्रवारांत मी ते दुरुस्त करू शकले असते. आकडा दोनशे बासष्ट होता.